पंपिंग वीस टक्के आलंय, आता पुढे काय करायचं?

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडलेल्या रुग्णाला डिस्चार्ज मिळाला की घरच्यांची धावपळ सुरू होते ती बिलाची, मेडिक्लेमची, गाडीची. त्या गडबडीत एक काम विसरू नका. वॉर्डातल्या सिस्टरला सांगून रुग्णाला वजनकाट्यावर उभं करा आणि तो आकडा डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात पेनानं लिहून घ्या. अंगातलं जादा पाणी काढून झाल्यानंतरचं ते वजन असतं. पुढचे सहा महिने घरी रुग्णाकडे बघायचं ते या आकड्याच्या आधारानं.

मी मिरजेत हृदयरोगाच्या वॉर्डात सिस्टर होते, आता हार्ट फेल्युअरच्या ओपीडीत बसते. डॉक्टर तपासायच्या आधी वजन-बीपी घ्यायचं, गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करून एकेक पाकीट बघायचं आणि आलेले फोन घ्यायचे, हे माझं काम. कुठली गोळी, किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ठरलेलं घरात कसं पार पाडायचं ते मी सांगते. कारण गंभीर हार्ट फेल्युअरचा रुग्ण किती जगतो आणि कसा जगतो, याचा बराचसा निकाल आयसीयूत लागत नाही. तो घरी आल्यानंतरच्या काही महिन्यांत लागतो.

आकडे ऐकून घाबरायचं किती?

"पंपिंग वीस टक्केच राहिलंय" म्हटलं की घरच्यांना वाटतं ऐंशी टक्के हृदय मेलं. तसं नाही. एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, जे ईएफ लिहितात ते हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं याचं माप आहे. धडधाकट माणसाचंही ते शंभर नसतं, ५५ ते ७० च्या आसपास असतं. ४० किंवा त्याखाली आलं की पंप कमजोर म्हणायचा. आणि हा आकडा दगडावरची रेघ नाही. औषधांनी वीसचे पस्तीस, कधी पंचेचाळीस झालेले मी ओपीडीत कितीतरी वेळा बघते.

तो वाढेल की नाही, हे पुष्कळसं कारणावर असतं. म्हणून डॉक्टरांना ईएफ विचारलं की लगेच दुसरा प्रश्न विचारा: हे कशामुळे झालं? दारूनं हृदय सैल पडलेलं असेल आणि दारू खरोखर सुटली, तर सुधारणा चांगली होते. बाळंतपणाच्या आगेमागे हृदय कमजोर झालेल्या मुलींपैकी बऱ्याच जणी सहा महिन्यांत सावरतात, फक्त पुढच्या बाळाचा विचार हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. ठोके सतत फार जलद पडत असल्यानं पंप थकला असेल, तर ठोके आवरल्यावर तो सुधारतो. मोठा अटॅक येऊन स्नायूचा तुकडाच मेला असेल तर तेवढी वाढ होत नाही. झडपेमुळे झालं असेल तर नुसत्या गोळ्यांवर थांबून चालत नाही, झडपेचं बघावं लागतं.

आता "किती दिवस?" या प्रश्नाकडे येते. कुणी तारीख सांगितली तर विश्वास ठेवू नका. पण एकंदर चित्र माहीत असलेलं बरं. १९८७ साली उत्तर स्कॅन्डिनेव्हियात अतिगंभीर हार्ट फेल्युअरच्या २५३ रुग्णांवर एनलाप्रिलचा अभ्यास झाला. बसल्या जागी धाप लागणारे हे रुग्ण. एनलाप्रिल न मिळालेल्यांपैकी ५२ टक्के वर्षभरात गेले, मिळालेल्यांपैकी ३६ टक्के. तिथून एकेक औषध त्यात पडत गेलं. १९९९ मध्ये स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. २००१ मध्ये कार्व्हेडिलॉलनं, तेही ईएफ २५ च्या खाली असलेल्यांत, ३५ टक्क्यांनी. २०१४ मध्ये सॅक्युबिट्रिल-वलसार्टन एनलाप्रिलपेक्षा सरस ठरलं, आणि २०१९ मध्ये मधुमेहाची समजली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही उपयोगी पडते हे दिसलं. २०२० मध्ये या अभ्यासांचे आकडे एकत्र मांडून एक हिशोब झाला. नवी औषधं धरून सगळा संच घेणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या रुग्णाला एनलाप्रिल आणि कार्व्हेडिलॉल अशा जुन्या दोनच औषधांवर राहिलेल्यापेक्षा साधारण सहा वर्षं जास्त मिळतात आणि ऐंशीच्या रुग्णाला दीडएक वर्ष.

आपल्याकडचं चित्र एवढं गोजिरं नाही. देशभरातल्या ५३ रुग्णालयांतल्या दहा हजारांवर रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदणीत, दाखल झाल्यापासून ९० दिवसांत शंभरातले चौदा गेले. त्रिवेंद्रमला २०१३ मध्ये नोंदवलेल्या रुग्णांपैकी पाच वर्षांत ५९ टक्के गेले. आपले रुग्ण तरणे असतात, साठीच्या आसपासचे. पाश्चात्त्य देशांत हा आजार त्याहून उशिरा गाठतो. आणि कमजोर पंपाच्या रुग्णांपैकी डिस्चार्जच्या वेळी सगळी आवश्यक औषधं मिळालेले जवळपास निम्मेच होते. मी वर "घरी निकाल लागतो" म्हटलं ते यासाठी. औषधं आहेत, स्वस्तही झाली आहेत, पण ती पुऱ्या संचात आणि पुऱ्या मात्रेत रुग्णाच्या पोटात जात नाहीत.

चार गोळ्या, आणि लघवीची वेगळी

डिस्चार्ज कार्ड समोर घ्या. पंप कमजोर असलेल्या रुग्णाच्या यादीत चार गटांतलं एकेक औषध असायला हवं: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन किंवा त्याऐवजी एनलाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टनसारखं काही, ठोके आवरणारं बीटा ब्लॉकर, म्हणजे कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सक्सिनेट, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. एखादं नसेल तर भांडायला जाऊ नका. "डॉक्टर, ही चौथी का नाही?" एवढंच विचारा. बऱ्याचदा कारण असतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, वाढलंय, पोटॅशियम वर गेलंय, बीपी फार खाली आहे. कधीकधी मात्र कारण काहीच नसतं, राहून गेलेलं असतं.

टॉर्सेमाइड, फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी यात मोजू नका. धाप आणि सूज तीच उतरवते, म्हणून रुग्णाचा जीव तिच्यावर जडतो. आयुष्य वाढवतात त्या बाकीच्या चार. त्या घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, उलट पहिले काही दिवस गळल्यासारखं वाटतं, आणि मग नेमक्या त्याच सोडल्या जातात.

सुरुवात लहान मात्रेनं होते. कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून साधारण दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत २५ पर्यंत न्यायचं असतं. सॅक्युबिट्रिल-वलसार्टन ५० वरून १००, मग २००. इथंच गाडी अडते. रुग्णाला बरं वाटायला लागलं की "चालू द्या तेच" म्हणून सुरुवातीच्याच चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळ्या आणल्या जातात. मेडिकलवाला देतो, कुणी विचारत नाही. २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डिस्चार्जनंतर दोनच आठवड्यांत पूर्ण मात्रेवर नेलेल्या आणि वरचेवर तपासलेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांत १५ टक्के दगावले किंवा परत दाखल झाले. नेहमीच्या पद्धतीनं चाललेल्यांत हेच प्रमाण २३ टक्के होतं. म्हणून पहिली फेरतपासणी एका आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत, आणि प्रत्येक वेळी विचारा: "मात्रा वाढवायची का?" सोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा ताजा रिपोर्ट असेल तर डॉक्टरही मोकळेपणानं वाढवतात. रिपोर्ट नसेल तर वाढवायला कचरतात, ते बरोबरच आहे.

बीपीची भीती घालवा. घरचं मशीन ९८ दाखवतं आणि मुलगा रात्री घाबरून फोन करतो. उठल्यावर चक्कर नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही, लघवी नीट होतेय, तर या रुग्णांना शंभराच्या आसपासचं बीपी चालतं. चक्कर येत असेल तर मात्र कळवा. बहुतेक वेळा डॉक्टर लघवीची गोळी कमी करून बघतात, बाकीच्यांना हात लावत नाहीत.

गोळ्यांची पाकिटं बघताना ब्रँडचं मोठं नाव वाचून थांबायचं नाही, खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचायचं. तालुक्याच्या दुकानात एक ब्रँड मिळाला नाही म्हणून दुसरा दिलेला असतो, मग जुनं पाकीटही संपवायचं म्हणून दोन्ही चालू राहतात. एकच बीटा ब्लॉकर दोन नावांनी घेऊन ठोके ४४ वर आलेले एक शिक्षक माझ्या टेबलासमोर बसले होते. वर म्हणतात, "सिस्टर, एक तर सकाळची आहे आणि एक संध्याकाळची." आणखी एक गोष्ट: एनलाप्रिल-रॅमिप्रिलवरून सॅक्युबिट्रिल-वलसार्टनवर जाताना मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं, नाहीतर तोंड-घसा सुजण्याचा धोका असतो. घरात उरलेलं रॅमिप्रिल त्याच दिवशी बाजूला काढा.

पैशाचं म्हणाल तर डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि २०२३ पासून सॅक्युबिट्रिल-वलसार्टनच्याही जेनेरिक गोळ्या आल्या. जनऔषधीत आणि मोठ्या मेडिकलमध्ये चौकशी करा, फरक खिशाला कळण्याइतका असतो. नवी गोळी महाग म्हणून काहीच न घेण्यापेक्षा एनलाप्रिल घेतलेलं कितीतरी चांगलं, हेही डॉक्टरांना स्पष्ट बोला. परवडत नाही हे सांगायला लोक लाजतात आणि गुपचूप एक दिवसाआड गोळी घेतात.

भिंतीवरचं कॅलेंडर

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, ईएफ २२. त्यांच्या मालकीणबाईंना मी रोजच्या वजनाची वही करायला सांगितली होती. त्यांनी वही केली नाही, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या चौकटीतच आकडे घालायला सुरुवात केली, दुधाच्या हिशोबाशेजारी. फेरतपासणीला येताना ते कॅलेंडर खिळ्यावरून काढून गुंडाळी करून आणतात. एका महिन्याचं पान मला अजून आठवतं: ६१.४, ६१.५, ६१.४, मग ६२.३, ६३.१, आणि त्यापुढच्या चौकटीत ६३.८. त्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. "सिस्टर, मालकांचं वजन वाढलंय, पण पायाला सूज न्हाई. धापबी न्हाई. मग फोन करू का नको, असं झालं." याच वेळी फोन करायचा असतो. सूज दिसायला लागते तोवर अंगात काही लिटर पाणी साठलेलं असतं. डॉक्टरांनी लघवीची गोळी तीन दिवस वाढवली, चौथ्या दिवशी काटा ६१.७. रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही.

कारण शोधलं तेव्हा मीठ निघालं नाही. गुडघा दुखत होता म्हणून जवळच्या एका दवाखान्यातून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणल्या होत्या.

वजन घ्यायची रीत अशी. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत. डिजिटल काटा फरशीवर, सतरंजीवर किंवा चटईवर नाही. काटा रोज त्याच फरशीवर. तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर फोन. तसंच उलट बाजूनंही: वजन सारखं खाली चाललंय, तोंड कोरडं, चक्कर, लघवी कमी, तर पाणी जास्त निघून गेलंय; तेही कळवायचं. डिस्चार्जच्या वेळीच विचारून ठेवा, "वजन वाढलं तर लघवीची गोळी किती वाढवू आणि किती दिवस?" काही डॉक्टर हे लिहूनच देतात. तो कागद काट्याशेजारी चिकटवा.

वजनाशिवाय दोनतीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. रात्री उशा किती लागतात? एकावरून दोनवर, दोनवरून बसून झोपण्यावर गाडी आली तर काटा काहीही म्हणो, कळवा. वाकून चपलेचा पट्टा लावताना धाप लागते का? नडगीवर अंगठा दाबून सोडला तर खळगा राहतो का? आणि जेवण. दोन घासांत पोट गच्च होतं, मळमळतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं. लोक याला गॅस समजतात आणि सोड्याची फसफसणारी पूड पाजतात. यकृतात आणि आतड्यात रक्त तुंबलं की हेच होतं, आणि त्या पुडीतलं सोडियम पाणी आणखी धरून ठेवतं. "अॅसिडिटी वाढलीय" म्हणून आलेले निम्मे फोन मी वजन विचारूनच घेते.

झोपेतून गुदमरून उठणं, बसूनही धाप न थांबणं, ओठ निळसर, फेसाळ थुंकी, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, यातलं काही असेल तर मला फोन करत बसू नका. १०८ ला करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका, पाय खाली सोडून खुर्चीत बसवा.

ताटात काय

मीठ एकदम बंद करून टाकणाऱ्या सुना मला आवडत नाहीत, म्हणजे रागावते मी त्यांच्यावर. म्हातारा माणूस अळणी आमटी बघून ताट सरकवतो, आठ दिवसांत दंड गळतात, आणि हार्ट फेल्युअरमध्ये मांस झडणं हे फार वाईट लक्षण. २०२२ मध्ये अतिकडक मीठबंदीचा मोठा अभ्यास झाला, त्यात मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होणं कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून ध्येय मधलं ठेवा: दिवसाचं एकूण मीठ एका चमच्याच्या आत, साधारण पाच ग्रॅम. आपली ज्वारीची भाकरी मुळात बिनमिठाचीच असते, ही मोठी सोय. भाजीत नेहमीच्या निम्मं मीठ घाला आणि लिंबू, कोकम, आलं, लसूण, कोथिंबीर सढळ हातानं. ताटात वरून मीठ नाही. पापड, लोणचं, सुकट, बोंबील, फरसाण, शेव, वेफर्स, बेकरीची खारी, पाकिटातलं सूप हे मात्र खरंच बंद. पावात आणि बिस्किटात सोडा-मीठ असतं हे लक्षात राहत नाही. सैंधव आणि काळं मीठही मीठच आहे. "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठ तर आणूच नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोनसोबत पोटॅशियम चढलं तर ठोका बिघडतो. त्याच कारणानं शहाळ्याचं पाणी रोज नको.

पाणी डॉक्टरांनी दीड लिटर सांगितलं असेल तर चहा, ताक, आमटीचा रस्सा, सगळं त्यात धरायचं. सकाळी बाटली भरून ठेवा आणि चहा प्यायला की तेवढं पाणी बाटलीतून कमी करा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीवर जातो, तेव्हा लघवीच्या गोळीचा आणि पाण्याचा हिशोब बदलतो. मार्चअखेरच्या तपासणीतच विचारून ठेवा.

उपासाचं वेगळं सांगते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना नवरात्राचे कडक उपास, निर्जळी एकादशी नको. साखर वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं, विशेषतः मधुमेह असेल तर. जुलाब-उलट्या लागल्या, अन्न जात नाही, ऑपरेशन ठरलं, तर ती गोळी आणि लघवीची गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारायचं. याच गोळीनं लघवीच्या जागी खाज सुटते. बायका ते सांगत नाहीत, गोळी सोडून देतात. जागा स्वच्छ-कोरडी ठेवली आणि साधं मलम लावलं की भागतं, गोळी सोडायला लागत नाही. पुरुषांचंही असंच: स्पायरोनोलॅक्टोननं छाती दुखते, फुगते, संकोचानं बोलत नाहीत. बदली गोळी आहे, एप्लेरेनोन. बोला.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल वर आलंच. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यातलं काही नको, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर मुळीच नको. कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. मधुमेहाची पायोग्लिटाझोन चालू असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू, मिश्री सुटायला हवी, यावर मी आता जास्त बोलत नाही, ज्याला सोडायची तो सोडतो.

चालायचं का? हो. वजन आणि धाप स्थिर असेल तर घराच्या अंगणात पाच मिनिटांपासून सुरुवात, बोलता येईल एवढ्याच वेगानं, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. पलंगावर झोपवून ठेवलेला रुग्ण सुधारत नाही. वारीला जाऊ का, असं दर आषाढाच्या आधी कुणीतरी विचारतंच. पायी नाही, एसटीनं जाऊन कळसाचं दर्शन घेऊन या, गोळ्या बरोबर घ्या. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी. आणि थकवा जातच नसेल तर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं. अशा वेळी शिरेतून लोह दिलं की रुग्णाला हुशारी येते. लोहाच्या गोळ्यांचा इथं फारसा उपयोग होत नाही.

तीन महिन्यांनंतरचा एको

पुरी मात्रा सुरू होऊन तीन महिने झाले की पुन्हा एको. ईएफ अजून ३५ किंवा त्याखाली असेल तर यंत्रांचा विषय निघतो. अचानक ठोका बिघडून होणारे मृत्यू टाळायला शॉक देणारं यंत्र, आयसीडी, बसवतात. ईसीजीत क्यूआरएस, म्हणजे ठोक्याची मुख्य उभी रेघ, रुंद, विशेषतः १५० मिलिसेकंदांच्या वर आणि डावा बंडल ब्लॉक (डाव्या बाजूला विजेचा संदेश अडणं) असेल, तर सीआरटी म्हणजे तीन तारांचा पेसमेकर. हृदयाच्या दोन्ही बाजू एका तालात आणायचं काम तो करतो. योग्य रुग्णात सीआरटीनं मृत्यू एक तृतीयांशाहून जास्त कमी झाल्याचं २००५ मध्येच दिसलं होतं. म्हणून ईसीजीची प्रत फाइलला असू द्या आणि "क्यूआरएस किती आहे?" हे विचाराच. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधार घेऊन दाखल होण्याआधी त्याला भेटा, नंतर नाही.

ईएफ सुधारून पन्नासवर गेला तर पेढे वाटा, पण गोळ्या बंद करू नका. लंडनमध्ये असा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करून बघितला गेला. हृदय पूर्ण सुधारलेल्या रुग्णांची औषधं हळूहळू काढली, तर सहा महिन्यांत ४४ टक्क्यांचा आजार परत आला.

आणि सुधारलाच नाही तर? काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या की हृदयप्रत्यारोपण करणाऱ्या केंद्राचं मत घ्यायला उशीर करू नये: वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा भरती, लघवीची गोळी वाढवत न्यावी लागणं, आधी सोसणाऱ्या गोळ्या बीपीपायी कमी कराव्या लागणं, क्रिएटिनिन चढणं, आयसीडीचे वारंवार शॉक, पंप चालू ठेवायला शिरेतून औषध लागणं. भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी केलं. आता आपल्याकडे मुंबई-पुण्यातही होतात आणि नोंदणी विभागीय समन्वय समितीकडे रुग्णालयामार्फत होते. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून प्रतीक्षायादीतल्या रुग्णानं केंद्रापासून फार लांब राहून चालत नाही. सांगली-कोल्हापूरच्या कुटुंबांना पुण्यात खोली घ्यावी लागते, हा खर्च कुणी आधी सांगत नाही. नवं हृदय मिळालेले निम्मे रुग्ण बारा वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जास्त जगतात. छातीत बसवायचा पंप, एलव्हीएडी, हाही मार्ग आहे. त्यावरचे निम्म्याहून जास्त रुग्ण पाच वर्षं काढतात, पण आपल्याकडे त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. मूत्रपिंड-यकृत पार थकल्यावर पाठवलं तर यातलं काहीच करता येत नाही. डॉक्टरांना "आम्ही दुसरं मत घेऊ का?" असं विचारणं म्हणजे त्यांचा अपमान नव्हे.

काहींच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग बंद असतात. वय असतं, इतर आजार असतात, किंवा रुग्णच म्हणतो, आता पुरे. अशा वेळी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी ठेवणारी काळजी देणाऱ्या डॉक्टरांना बोलवायचं. औषधं थांबवून रुग्णाला सोडून देणं असा त्याचा अर्थ नाही, हृदयाच्या गोळ्या सोसतील तोवर चालूच राहतात. धाप कमी व्हायला अगदी लहान मात्रेत मॉर्फिन देतात, खोलीत हाताशी पंखा ठेवतात, झोपेकडे बघतात. व्हेंटिलेटर हवा की नको, हे रुग्ण बोलता-चालता असताना त्यालाच विचारा. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ती रीत सोपी केली; आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करता येते. आयसीडी बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट त्याच वेळी विचारून घ्या: शेवटच्या दिवसांत त्याचे शॉक बंद ठेवता येतात. त्यासाठी ऑपरेशन लागत नाही, बाहेरून प्रोग्रामर नावाचं यंत्र लावून काही मिनिटांत ते होतं, आणि पेसमेकरचं काम तसंच चालू राहतं. यंत्र कुठल्या कंपनीचं आहे ते लिहिलेलं कार्ड फाइलमध्ये पुढेच लावा, कारण प्रत्येक कंपनीचा प्रोग्रामर वेगळा असतो आणि तो मागवायला वेळ लागतो.